कोरडी हवा

ती शिडीची दुसरी पायरी चढली आणि हवेच्या पाइपात बसवलेल्या छोट्या काचेच्या बाटलीवर तिनं नखानं टिचकी मारली. आतलं पिवळं तेल हललं.

"बाबा, हे काय?"

"तेल," खालून मिस्त्री म्हणाले. "थेंबथेंब हवेत मिसळतं. कोरडी हवा मशीनला खाते, पोरी."

पस्तीस वर्षं टायरच्या दुकानांत आणि सुतारांच्या कारखान्यांत त्यांनी हवेच्या लाइनी टाकल्या होत्या. हवा तिथे तेल, हे हातात इतकं मुरलं होतं की नकाशात बाटली नाही हे त्यांना दिसलंच नाही. एरवी कामात नाव ठेवायला जागा नव्हती. पाइपांना उतार होता, फाटे मुख्य पाइपाच्या वरच्या अंगानं काढले होते, त्यामुळे दाबलेल्या हवेतून सुटणाऱ्या पाण्याची फाट्यात शिरायची टाप नव्हती. हे काम मुलीनंच शब्द टाकून मिळवून दिलं होतं. 'घरचा माणूस आणताय, जबाबदारी तुमची,' असं साहेब तिला तोंडावर म्हणाले होते. आणि दोन वाजता तेच साहेब पाहुण्यांना सर्किट बोर्ड तपासायचं नवं यंत्र चालू करून दाखवायला येणार होते.

ती खाली उतरली. "इथे तेल अजिबात चालत नाही, बाबा. बाटलीच्या पुढे हवा सोडली होती का?"

मिस्त्री पान्यावरचा नसलेला डाग पुसू लागले.

"सोडली असेल तर पुढचा सगळा पाइप फेकावा लागेल," ती म्हणाली. "नवा उद्याशिवाय मिळणार नाही."

"नाही सोडली."

"नक्की?"

"अगं, नाही म्हटलं ना!"

सोडली होती. सकाळी, ती यायच्या आधी, सांधे तपासायला. दोनच मिनिटं.

मुलीचा जीव भांड्यात पडला. मिस्त्रींनी बाटली काढून तिथे सरळ तुकडा जोडला. डोळे मिटून करता येईल असं काम, पण पाना दोनदा सटकला.

"हवा नंतर. आधी व्हॅक्यूम बघू," ती म्हणाली. "तीही लाइन तुम्हीच टाकलीय, या."

यंत्राच्या फळीवर सुया उभ्या होत्या, बाराशे, टोकं वर करून. मिस्त्रींनी इतकी बारीक गर्दी कधी पाहिली नव्हती. मुलीनं सुयांवर एक हिरवा बोर्ड अलगद ठेवला आणि बटण दाबलं. भिंतीपलीकडे पंप घुमला. बोर्ड तांदळाच्या दाण्याएवढा खाली बसला आणि थांबला. वर ना झाकण, ना हात.

"उचला," ती म्हणाली.

मिस्त्रींनी कडेला नख घातलं. मग अंगठा लावला. बोर्ड जागचा हलेना.

"कोण दाबतंय गं?"

"ही खोलीतली हवा. खालची काढून घेतली, की वरची दाबते."

"ही? आपली?"

"आपल्या अंगावरही तेवढाच भार असतो. सगळीकडून असतो, म्हणून कळत नाही."

मिस्त्रींनी वर पाहिलं. तिथे छत होतं आणि दिवा होता. त्यांनी मान खाली घातली, हात बोर्डवर तसाच ठेवला. आयुष्यभर हवा कोंडून, ढकलून तिच्याकडून काम करून घेतलं, आणि ही बिनबोभाट उभी राहून त्यांच्या अंगठ्यापेक्षा जोरात दाबत होती. त्यांच्या अंगावर काटा आला. यंत्राच्या पडद्यावर बाराशे हिरव्या रेघा उमटल्या होत्या.

"प्रत्येक सुई टेकली?"

"प्रत्येक. आणि दर बोर्डाच्या आधी तुमची हवा या सुयांवर फुंकर मारणार, धूळ उडवायला. म्हणून तेल नको. टोकावर तेलाची नुसती साय धरली तरी सुई खोटं बोलते. चांगल्या बोर्डाला वाईट म्हणते, आणि आम्ही तिच्यावर विश्वास ठेवून तो फेकून देतो."

हे सांगताना तिचा चेहरा किती उजळला होता! आपली पोर अशा जागी काम करते, आणि आपण आजवर 'बटणं दाबते' म्हणत आलो, याची मिस्त्रींना लाज वाटली. तिनं हवेच्या व्हॉल्व्हकडे हात नेला. दोनला दहा मिनिटं होती.

"थांब." मिस्त्रींनी तिचा हात धरला. "सकाळी सोडली होती. दोन मिनिटं."

तिनं हात सोडवून व्हॉल्व्हची मूठ आणखी घट्ट बंद केली आणि दाराकडे गेली. बाहेर साहेबांचा आवाज आला होता, मागोमाग पाहुण्यांचे बूट.

"सर, आज नाही चालू करता येणार. पाइपात तेल गेलंय, बदलावा लागेल."

"तेल? कोण म्हणतं?"

"माझे वडील," ती म्हणाली, आणि मिस्त्रींना पुढे यायला वाट करून देत बाजूला झाली.