उल्का शिडीने उतरली

मित्रांनो, बाहेरच्या खोलीत, खिडकी आणि चपलांचा कप्पा यांच्यामध्ये बसलेला तो जुना टीव्ही म्हणजे मी. आजच्या मानाने अंगाने जरा भरलेला. माझ्या काचेवर डाव्या कडेला एक हिरवी रेघ उभी असते. ती चित्रातली नाही, माझीच आहे. म्हातारपणी एखाद्याच्या डोळ्यात मोतीबिंदू येतो, तशी ती आली आणि राहिली.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब सरकत्या पट्ट्यावर झाला. एकीने काच बसवली, दुसऱ्याने पाठीचे स्क्रू पिळले, तिसऱ्याने मला रंगीत पट्टे दाखवायला लावले आणि मान डोलावली. तेवढ्या शिफारशीवर मी दुकानात आलो आणि तिथून या घरी. मला आणणारे बाबा उंच इमारतींना बाहेरून रंग देण्याचं काम करत. त्यांचा मोठा मुलगा, म्हणजे दादा, तेव्हा शाळेत होता आणि धाकटी ठकी जेमतेम बोलायला लागली होती. मुलांची आई नव्हती. बाबांची बहीण, म्हणजे मुलांची आत्या, शिलाईचं मशीन घेऊन या घरी राहायला आली होती.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. संध्याकाळ झाली की सगळे माझ्यासमोर ताटं घेऊन बसत. सामना असला की शेजारी न बोलावता येत आणि न सांगता जात. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. जो तो आपापल्या कोपऱ्यात मान खाली घालून बसू लागला. आत्याने माझ्यासाठी शिवलेला कव्हराचा पडदा एकदा माझ्या काचेवर ओढला गेला, तो तसाच राहिला. रिमोटचे सेल भिंतीवरच्या घड्याळात गेले. माझ्या पुढ्यात इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग साचू लागला. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. बंद टीव्हीला वाईट वाटायचं झालं तरी वीज लागते.

मधल्या काळात बाबांचे गुडघे गेले आणि काम सुटलं. दादाने टायर दुरुस्तीचं दुकान टाकलं. ठकी स्कूटरवरून घरोघरी पार्सलं पोचवू लागली. आणि एक दिवस तिला सुपरहिरोंच्या स्पर्धेचं बोलावणं आलं.

ही स्पर्धा अशी होती. साध्या माणसांनी स्वतःचा सुपरहिरो बनवायचा, त्याचा पोशाख घालायचा आणि परीक्षक सांगतील ती धाडसं करायची. दर आठवड्याला एक जण बाद. बाद झालेल्याने आपला झगा खुंटीला टांगायचा आणि घरी जायचं. ठकीने नाव घेतलं उल्का. हाक मारली की पोचणारी, कितव्याही मजल्यावर. आत्याने रेनकोटच्या कापडाचा नारिंगी झगा शिवून दिला.

ठकी गेली, बरेच दिवस राहिली आणि परत आली ती गप्प होऊन. सगळं चित्रीकरण आधीच उरकलेलं होतं. कार्यक्रम दाखवून संपेपर्यंत निकाल कुणाला सांगणार नाही, असं तिने लिहून दिलं होतं. घरच्यांनी त्या गप्प बसण्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. दादाचं म्हणणं, हरली असती तर रडली नसती का? बाबांनी तर शेवटून दुसरा भाग पाहिल्यावर दूधवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं, की पोरगी शेवटच्या दोघांत आहे आणि पुढचं काय ते समजून घ्या. ठकी ऐकायची आणि हेल्मेट उचलून कामाला निघायची.

आधीचे भाग सगळ्यांनी फोनवरच पाहिले. पण अंतिम सोहळ्याच्या दिवशी बाबा म्हणाले, एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा काचेवर बघायची नाही. कपड्यांचा ढीग हलला, माझा पडदा निघाला, रिमोटला नवे सेल मिळाले. संध्याकाळी खोली भरली. वाणी सर्वांत पुढे बसला. ठकी दाराशी बसली. मला जागेवरून सगळ्यांचे चेहरे दिसतात. सगळे माझ्याकडे बघत होते. ठकी तेवढी बाबांकडे बघत होती.

शेवटची कसोटी होती उडी. एक उंच लोखंडी मनोरा, खाली जाळं. ठकीसमोर उरला होता पोलादवीर; तो मूळचा बेकरीवाला. त्याने डोळे मिटले, आईला हाक मारली आणि उडी टाकली. जाळ्याने त्याला झेललं. मग उल्का चढली. ती कडेला उभी राहिली. वाऱ्याने झगा फडफडत होता. संगीत थांबलं.

“मला नाही जमणार,” काचेवरची उल्का म्हणाली आणि शिडीकडे वळली.

वाण्याने घसा खाकरला. आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दादा उठला आणि त्याने रिमोट माझ्यावर रोखला.

“राहू दे, दादा,” ठकी दारातून म्हणाली. “पुढे मी खाली उतरते. ते बघायचंय मला.”

दादाने हात खाली घेतला. पण मला जेवढं पाठवतात तेवढंच मी दाखवतो. उतरणं आलं आणि गेलं. दोन-चार पायऱ्या, बस. एका परीक्षकाने म्हटलं, जी पडत नाही ती उल्का कसली? तिथले प्रेक्षक खळखळून हसले. मग पोलादवीरावर चकचकीत कागदांचा पाऊस पडला आणि उल्केचा झगा खुंटीवर गेला.

शेजारी उठले. एकीला गॅसवरचं दूध आठवलं, एकाला गिऱ्हाईक. वाणी चपला शोधत राहिला. खोलीत घरचे तेवढे उरले. मी जाहिराती दाखवत होतो. बाबांनी माझा आवाज बंद केला.

“शिडी लोखंडी होती?” त्यांनी विचारलं.

“हो. गार होती. मधे एका जागी पाय थरथरायला लागले. तिथे मी खूप वेळ थांबले होते. ते दाखवलं नाही त्यांनी.”

“मग?”

“मग खाली बघायचं सोडलं. एकेक पायरी तेवढी बघितली.”

बाबांनी गुडघा चोळला. आपल्या कामाबद्दल ते घरात कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

“आमच्यात वर गेलेला माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी खाली आला, की दिवस चांगला गेला म्हणायचे. त्याला कुणी बक्षीस देत नसे. जेवायला वाढत.” मग ते आत्याकडे वळले. “वाढ गं तिला.”

आत्या आत गेली. ठकी जागेवरच बसून राहिली आणि तेव्हा कुठे रडली. दादाने पंखा मोठा केला.

दुसऱ्या दिवशी वाणी दारावरून जाताना म्हणाला, की उल्का शिडीने उतरली म्हणायची. बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, हो, उतरली, घरी आली. पुढे त्या विषयावर कुणी फार बोललं नाही. ठकी पार्सलं पोचवते. जिने चढते. गच्चीच्या कठड्याशी मात्र जात नाही, आणि विचारलं तर तसं सांगतेही.

माझ्या पुढ्यात पुन्हा कपड्यांचा ढीग नाही साचला. दुपारी बाबा मला लावतात आणि बघता बघता झोपतात. एक दिवस माझी रेघ रुंद होईल आणि भंगारवाला येईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर मित्रांनो, त्याची धूळ कोरड्या, मऊ फडक्याने पुसा. बंद करताना वायर ओढू नका. आणि आम्ही दाखवतो तेवढंच घडलं, असं समजू नका. उरलेलं आपल्या माणसांना विचारा, आणि ती सांगू लागली की आमचा आवाज तेवढा बंद करा.