पिवळा ठिपका

मी एक जुनी सायकल आहे.

थांबा, मित्रांनो. हे वाक्य माझ्या मागच्या चाकाला मान्य नाही. ते म्हणतं, जुनं मी आहे, तू तर परवा झालीस. फ्रेम म्हणते, मी नसते तर तुम्ही सगळे कुठं राहिला असता? चेन नवीकोरी आहे, ती या भांडणात पडत नाही. तेव्हा मी पुन्हा सुरुवात करते.

मी एक जुनी सायकल आहे आणि मला अजून एक वर्षही पूर्ण झालेलं नाही. माझा जन्म एका जागी झाला नाही, म्हणून माझी गोष्टही एका दमात सांगता येत नाही. तुकड्यातुकड्यांनी सांगते. मी झालेही तशीच.

फ्रेम

फ्रेम देहूरोडच्या लष्करी वसाहतीतली. एका जवानाने तिला हौसेने घेतलं होतं. त्याची बदली झाली, ट्रंका गेल्या, फ्रेम भिंतीला टेकून राहिली. मागून राहायला आलेल्या बाईंनी तिच्यावर कारल्याचा वेल चढवला. सहा वर्षं ती मांडव होती. कारली चांगली लागत, असं ती अजून सांगते.

मागचं चाक

मागचं चाक दुधाचं. तळेगावच्या एका गवळ्याचे दोन भरलेले कॅन त्याने रोज ओढले. मग गवळ्याने मोटारसायकल घेतली. चाकाला वजन कळतं. माणूस बसला की तो न्याहारी करून आला आहे की उपाशी, हे ते ओळखतं.

हँडल

हँडलला काही आठवत नाही. आम्ही त्याला विचारत नाही.

घंटी

(ही जागा रिकामी आहे. का, ते पुढे कळेल.)

वर्षाली

या सगळ्यांना एकत्र आणलं ते वर्षालीने. ती संत तुकाराम नगरमध्ये वडिलांबरोबर राहते आणि चाकणच्या एका कंपनीत लाइनवर काम करते. दर दीड मिनिटाला तिच्यापुढे एक गाडी येते. त्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकाचे चार नट ती हवेच्या बंदुकीने आवळते. नट पुरता आवळला गेला की बंदूक टक् करते. मग वर्षाली एप्रनच्या खिशातून मार्कर काढून नटावर पिवळा ठिपका देते. ठिपका म्हणजे, हे काम झालं, आता इथं कोणी पाहायची गरज नाही. टक्, ठिपका. टक्, ठिपका. गाडी पुढे जाते, दुसरी येते. अशी अकरा वर्षं गेली. इतक्या गाड्यांना हात लागला, पण एकही गाडी तिच्या एकटीच्या हातून झाली नाही.

तिचे वडील उद्धवराव लातूरकडचे. पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. कारखान्यात जायचे ते सायकलवर. निवृत्त झाले तरी सायकल सुटली नाही. भाजी सायकलवर, आणि संध्याकाळी नेहरूनगरला ज्ञानदेवकाकांकडे बुद्धिबळ, तेही सायकलवर.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीने जिन्याखालची अडगळ काढायला सांगितली. एका गुरुवारी वर्षालीने ती सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली आणि वर येऊन वडिलांना सांगितलं.

"बरं केलंस," उद्धवराव म्हणाले.

त्यानंतर ते घराबाहेर पडायचेच थांबले. गुडघे दुखत नव्हते, डोळ्यांना दिसत होतं. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसत. ज्ञानदेवकाकांचे फोन आधी रोज, मग आठवड्याने, मग येईनासे झाले. वर्षालीला वाटलं, वय झालं.

एकदा त्यांच्या चष्म्याचा कागद शोधताना कपाटाच्या खणात तिला हातरुमालात बांधलेली सायकलची घंटी सापडली. घंटीला ताजं तेल लावलेलं होतं. म्हणजे भंगारवाला यायच्या आधीच त्यांनी ती काढून घेतली होती. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते बोलले नव्हते. वर्षालीनेही विचारलं नव्हतं.

तिने गाठ होती तशी बांधली आणि खण लावला.

चांदभाई

ती गेलेली सायकल शोधत वर्षाली देहूरोडला चांदभाईंच्या दुकानात पोचली. चांदभाई सायकली दुरुस्त करतात. टाकून दिलेल्या सायकलींचे भाग पोत्यांत भरून ठेवणं हा त्यांचा दुसरा नाद.

"तीच पाहिजे?" चांदभाईंनी विचारलं.

"तीच."

"ती आता वितळून सळई झाली असेल, बेटा. एखाद्या स्लॅबमध्ये आरामात झोपली असेल. तशीच दुसरी करून देतो."

"करून नको. मीच करणार. तुम्ही नुसतं दाखवा."

चांदभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कंपनीत काय करतेस?"

"चाक बसवते."

"पूर्ण?"

"चार नट."

"इथं एका चाकाला चाळीस तारा आहेत. बस खाली."

नऊ गुरुवार ती येत राहिली. गुरुवारी तिला सुट्टी असते. तिने फ्रेमचा गंज घासला, काळा रंग दिला. त्यावर सोनेरी रेघ ओढताना तिचा हात तीनदा हलला. तिन्ही वाकड्या जागा माझ्या अंगावर अजून आहेत आणि मला त्या आवडतात. मागच्या चाकाचा आउट काढायला, म्हणजे डुलणारं चाक सरळ करायला, तिला दोन पूर्ण गुरुवार लागले.

"डोळ्यानं नको, कानानं बघ," चांदभाई सांगत. "तार छेड. आवाज बसका आला, तर तिला पाव फेरा दे. पाव म्हणजे पाव. ही तुझ्या कंपनीची बंदूक नाही."

घरातलं हे सगळं मला कळलं ते तिथेच. हात चालू असले की वर्षाली बोलते.

"घंटी कुठली लावू?" एकदा चांदभाईंनी विचारलं.

"ती जागा राहू द्या."

नट

आता जे सांगणार आहे, ते सांगावं की नाही यावर आमच्यात एकमत नव्हतं. मागचं चाक म्हणालं, सांग.

नववा गुरुवार. मागचं चाक शेवटचं बसवायचं होतं. डाव्या बाजूचा नट वर्षालीने पान्याने घट्ट आवळला. मग ती चेनच्या बाजूला आली. नट बोटांनी फिरवून टेकवला. पाना उचलणार तोच कंपनीतून फोन आला, उद्याची शिफ्ट बदलली होती. फोन खांद्याला लावून ती बोलत राहिली. तिचा उजवा हात मात्र थांबला नाही. तो अकरा वर्षं जे करत आला, ते त्याने आपलंआपण केलं. अंगावरच्या कंपनीच्या एप्रनच्या खिशातून मार्कर काढला आणि नटावर पिवळा ठिपका दिला.

टक् झालंच नव्हतं.

मला दिसत होतं, मित्रांनो. पण माझ्याकडे घंटी नव्हती. सायकलला दुसरं तोंड कुठं असतं?

पास

टेम्पोतून मी संत तुकाराम नगरला आले. उद्धवराव खाली उतरले आणि माझ्याभोवती एकदा फिरले. मग एकदम इन्स्पेक्टर झाले. बोटाच्या सांध्याने फ्रेम वाजवून पाहिली. पुढचं चाक फिरवून त्याकडे एक डोळा मिटून पाहिलं. ब्रेक दाबले.

"घंटी न्हाई हिला," ते म्हणाले.

"राहिलीय," वर्षाली म्हणाली.

त्यांनी हँडलवरच्या रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. मग खाली वाकून मागच्या नटाकडे गेले. ठिपका पाहिला आणि लगेच सरळ झाले. "मार्क हाय. पास."

त्यांनीही एकतीस वर्षं ठिपका पाहूनच माल पुढे सोडला होता. ठिपक्याखाली नट आवळलेला असतोच.

ते बसले. मागच्या चाकाने मला कळवलं : उपाशी आहे, पण खूश आहे. गल्ली संपेपर्यंत आम्ही छान गेलो. पाण्याच्या टाकीजवळ थोडा चढ आहे. तिथे त्यांनी उभं राहून पायडल दाबलं. मागचं चाक जागेवरून सरकलं, तिरकं होऊन फ्रेमला अडकलं आणि मी जागच्या जागी थांबले. उद्धवराव मात्र थांबले नाहीत.

डाव्या मनगटाचं हाड चिरलं. सहा आठवडे प्लास्टर.

जिन्याखाली

मला जिन्याखाली उभं केलं. त्या संध्याकाळी वर्षालीने वाकून नट पाहिला. ठिपका होता तसाच होता. तिने तो बोटाने फिरवला. तो सहज फिरला. ती तिथेच पायरीवर बसली. बऱ्याच वेळाने तिने पान्याने नट आवळला आणि वर गेली. वर कोणाला काही सांगितलं नाही. हे मला पुढे कळलं.

तीन आठवड्यांनी उद्धवराव हात गळ्यात बांधून खाली आले. जिना झाडणाऱ्या चिमाबाई तिथेच होत्या.

"चिमाबाई, तुमच्या नातीला न्या ही सायकल," ते म्हणाले. "माझ्याच्यानं होत न्हाई आता. तोल ऱ्हात न्हाई. वय झालं."

"न्हाई बा," चिमाबाई झाडू न थांबवता म्हणाल्या. "मागं बी एक सायकल गेली इथनं. तवापास्नं तुमी गॅलरीतल्या कुंडीवानी बसलाय. ही बी गेली तर तुमाला पाणी घालायला मलाच वर यावं लागंल."

उद्धवराव हसले, पण म्हणाले, "खरंच न्या."

वर्षाली शिफ्टवरून येत होती. फाटकातच तिने हे ऐकलं. ती गप्प राहिली असती, तरी कोणाला काही कळलं नसतं. मी नातीकडे गेले असते आणि उद्धवराव वय झालं म्हणून गॅलरीत बसले असते. सगळं झाल्यासारखं झालं असतं.

"बाबा, तोल तुमचा गेला नाही," ती म्हणाली. "नट ढिला होता. मी आवळलाच नव्हता."

"मार्क होता की."

"मार्क दिला. आवळायचं राहिलं."

चिमाबाईंचा झाडू थांबला.

उद्धवराव माझ्याजवळ आले. एका हाताने नट चाचपला, ठिपक्यावर अंगठा फिरवला. "म्हंजे मी पडलो न्हाई," ते हळू म्हणाले. "पाडलंय."

"हो."

"तीन आठवडे का बोलली न्हाईस?"

"तुम्ही सायकल गेली तेव्हा दोन वर्षं बोलला नाहीत."

मग उद्धवराव पायरीवर बसले. "आन् मी पास केली. हात न लावता. एकतीस वर्षाच्या इन्स्पेक्टरनं. ज्ञानदेवाला सांगू नकोस."

"त्यांना तुम्हीच सांगा. नेहरूनगरला जाऊन."

घंटी

प्लास्टर निघालं, मनगट मोकळं झालं आणि डॉक्टर हो म्हणाले, त्या रविवारी उद्धवराव खाली आले. त्यांनी ठिपका रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढला. माझे सगळे नट त्यांनी ढिले केले आणि वर्षालीला एकेक पुन्हा आवळायला लावले. प्रत्येक नटावर स्वतः पाना लावून पाहिला. शेवटच्या नटाला तिचा हात सवयीने खिशाकडे गेला.

"मार्कर कंपनीतच ठेव," ते म्हणाले. "घरात न्हाई लागत."

मग त्यांनी खिशातून हातरुमाल काढला आणि गाठ न सोडता तिच्या हातात दिला. तिने गाठ सोडली. आत काय आहे हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांनाही. तिने घंटी हँडलच्या रिकाम्या जागी बसवली आणि स्क्रू आवळला. त्यांनी हलवून पाहिली. हलली नाही. पाण्याच्या टाकीचा चढ आम्ही उभ्याने चढलो. वर पोचल्यावर त्यांनी अंगठा दाबला.

मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड आलं. म्हणून तर आज तुमच्याशी बोलते आहे.

तुमच्या घरीही जिन्याखाली कोणी उभं असेल, गॅलरीत कोणी बसलेलं असेल. त्यांचं सगळं ठीक चाललंय, अशी खूण तुम्ही मनात कधीच करून ठेवली असेल. एकदा खाली वाका आणि हात लावून बघा.

मला आता निघायला हवं. नेहरूनगरला पट मांडून ठेवला आहे.