पातूरच्या रऊफला पोस्टकार्ड

रऊफचं पत्र आलं २००६ च्या मार्चमध्ये. निळं आंतरदेशीय, कडांना खळ लावून घट्ट बंद केलेलं. आत चारच ओळी होत्या. ‘साहेब, झेंडा बरोबर होता का चूक, हे मी विचारत नाही. मी जाणून तिथं उभा होतो, असं गाव म्हणते. सगळ्यात जवळ तुमी होते. तुमी काय पाहिलं ते लिहा.’ मी उत्तर लिहायला बसलो, सात-आठ कागद खराब केले आणि पत्र एका पुस्तकात ठेवून दिलं.

मी अकोल्यात ग्रंथपाल होतो. चारचौघांत बोलायचं मी टाळतो. फुटबॉलचा लाइनमन झालो तो त्यामुळेच. तिथे बोलावं लागत नाही, झेंडा वर केला की झालं. आयुष्यात बाकी कशाचीही खात्री मला कधी वाटली नाही, पण त्या चुन्याच्या रेषेवर वाटायची.

सामना अकोल्यातच होता, आधीच्या डिसेंबरात. पातूरविरुद्ध धामणगावच्या एका जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, संघ. रऊफ पातूरचा, पण कामाला त्याच जिनिंगवर. जिनिंगवाल्यांनी त्याला आपल्याकडून खेळायला सांगितलं होतं, तरी तो गावाकडून उतरला. शेवटच्या पाच मिनिटांत पातूरला कॉर्नर मिळाला. जिनिंगचा गोलकीपर चेंडूवर ठोसा मारायला पुढे धावला आणि चेंडूसोबत बराच बाहेर आला. त्याचे बाकीचे गडीही बाहेर पळाले. गोलरेषेवर एकच बचावपटू राहिला, आणि त्याच्यापुढे चार पावलांवर रऊफ. पातूरच्या गड्याने चेंडू परत रऊफकडे मारला, रऊफने तो जाळीत घातला आणि दोन्ही हात पसरून प्रेक्षकांकडे धावत सुटला.

माझा झेंडा वर होता.

“अबे, आंधळा हायेस काय? जिनिंगचा पोट्टा रेषेवर उभा हाय ना!” प्रेक्षक ओरडत होते. एक चप्पल माझ्या पायाशी येऊन पडली. पंच देवमनराव धावत आले.

“केशवराव, पक्कं?”

“पक्कं.”

नियमाला गोलकीपरशी काही देणंघेणं नाही. चेंडू मारला त्या क्षणी आपल्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे दोन गडी हवेत. एरवी त्यांतला एक गोलकीपर असतो, म्हणून लोक एक बचावपटू दिसला की निश्चिंत होतात. त्या दिवशी गोलकीपर रऊफच्या मागे राहिला होता. पुढे एकच गडी. ऑफसाइड.

पातूर एका गोलाने हरलं. त्या हंगामात कापूस आलाच नाही. फेब्रुवारीत जिनिंगने निम्मे लोक घरी बसवले, रऊफला मात्र ठेवलं. गावाला आणखी पुरावा कशाला हवा होता? मालकासाठी रऊफ मुद्दाम ऑफसाइड उभा राहिला, हे पक्कं झालं.

आणि मी उत्तर दिलं नाही. कारण मी जागा पाहतो. मन कसं पाहणार? तो कुठे उभा होता हे मी शपथेवर सांगितलं असतं; का उभा होता, हे कोणत्या तोंडाने लिहू?

यंदा, म्हणजे नऊ वर्षांनी, अमरावतीला नव्या पंचांचा वर्ग होता. देवमनरावांनी मला ऑफसाइड शिकवायला बसवलं. बोलायला लागू नये म्हणून मी फळ्यावर तोच प्रसंग काढला आणि विचारलं, “काय देणार?” समोर तेवीस जण होते, प्रत्येकाच्या हातात नियमांचं पुस्तक. बावीस जण म्हणाले, “गोल.”

मागून एक मुलगी उठली. “ऑफसाइड हाय सर. गोलकीपर मांगं राहून गेला.”

“कुठे शिकलीस?”

“घरी. अब्बू सरकी मांडून दाखवते. हा गोलकीपर, हा मी. पातूरले आमाले अजून ‘जिनिंगवाले’ म्हणते ना. अब्बूले तवा हा नियम मालूमच नव्हता.”

तिचं नाव नगमा. रऊफची मुलगी.

“तो झेंडा माझा होता,” मी म्हणालो.

ती दोन पावलं पुढे आली. “तुमी जित्ते हाय? अब्बू म्हणते, लाइनमन वारला असन. नाही तं उत्तर आलं असतं.”

वर्ग हसला. मीही हसलो आणि फळ्याकडे वळलो. फळा पुसताना मला ते दिसलं. पुस्तक हातात असून बावीस जण चुकले होते. जाणून फसायचं असतं, तर झेंडा नक्की वर जावा म्हणून रऊफ सगळ्यांना ऑफसाइड दिसेल अशा जागी उभा राहिला असता. तो उभा होता ती जागा साऱ्या मैदानाला बरोबर वाटत होती. मन पाहायची गरजच नव्हती. जागेनेच ते सांगितलं होतं आणि जागा मला येते.

जेवणाच्या सुटीत पोस्टातून कार्ड आणलं आणि एकदाच लिहिलं, खाडाखोड न करता:

‘रऊफभाई, झेंडा बरोबर होता. तुम्ही ऑफसाइड होता, पण जाणून नाही. आज हाच प्रसंग तेवीस शिकाऊ पंचांना दिला, बावीस चुकले. बरोबर उत्तर एकट्या नगमाने दिलं. गोल झाला असं समजून तुम्ही धावत होता, ते मी दहा हातांवरून पाहिलं आहे. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. चूक माझी. केशवराव, लाइनमन.’

“द्या सर, मी नेते,” नगमा म्हणाली. “अन् हे उघडं काहून? पाकिटात टाका ना. पोस्टमन वाचन, मंग सारं गाव वाचन.”

“म्हणून तर,” मी म्हणालो.

घरी नेलं असतं, तर पुन्हा कागद खराब करत बसलो असतो. दुपारच्या वर्गाची घंटा व्हायच्या आत रस्ता ओलांडला आणि कार्ड पेटीत टाकलं.