एका लाथेचं इंजिन

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे लग्नापासून सांगत आलेत. नौदलाचे लोक युद्धासाठी मच्छीमार बोटी ताब्यात घ्यायला धक्क्यावर आले, त्या सकाळीही त्यांनी मला बजावलं होतं, "आज तू तोंड उघडायचं नाहीस."

बेत साधा होता. आमचं इंजिन जुनंपुराणं. आधी त्याचं डोकं ज्योतीवर तापवायचं, मग जड चाक पायाने मागे झुलवायचं आणि ते परत फिरताना नेमकी लाथ हाणायची. तो नेमकेपणा पायात यायला यांना दोन वर्षं लागली होती. परक्याला तो कुठून साधणार? आणि न चालणारी बोट लढाईवर न्यायची हौस कुणाला?

झालंही तसंच. नौदलाचा मेकॅनिक घामाघूम झाला, इंजिन ढिम्म. त्याच्या साहेबांनी यादीवरून पेन्सिल उचलली. "सोडा हो, भंगार आहे."

बावीस वर्षं या बोटीने आम्हाला पोसलं, तीन मुलींची लग्नं लावून दिली. माझं डोकंच फिरलं. "भंगार? आमच्या ह्यांच्या एका लाथेत सुरू होतं ते!"

यांनी डोळे मिटून घेतले.

"अस्सं? मग लाथ मारणाऱ्यांनीही चलायचं," साहेब म्हणाले. "समुद्रातले सुरुंग काढायला. नाहीतर शनिवारपर्यंत आमच्या माणसाला शिकवा. तो शिकला तर तो जाईल, तुम्ही घरी."

धक्क्याच्या फाटकाला कुलूप लागलं. यांना बोटीवरून उतरायची बंदी. मला तेवढं दुपारी डबा घेऊन आत सोडत. तीन दिवस हे जीव तोडून शिकवत होते. "गुडघा ढिला सोड. घाई नको, बाबा." मेकॅनिकची लाथ कधी आधी पडे, कधी नंतर. एवढ्यात दगडसुद्धा शिकला असता, असं मी मनात म्हणायची आणि स्वतःलाच चार शिव्या घालायची.

शनिवारी जेवून हे शेजारच्या केबिनमध्ये पाठ टेकायला गेले. मी शिडीमागे डबा आवरत होते, मेकॅनिकला दिसले नाही. त्याने चाक अलगद झुलवलं आणि लाथ मारली. नेमकी. इंजिन धडधडलं. त्याने झटकन ते बंद केलं, वळला, आणि मला बघून पांढराफटक पडला.

"काकू, मुलगी चार महिन्यांची आहे माझी," तो पुटपुटला.

म्हणजे शिकला होता मेला! कधीचाच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात हे दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली, नाही म्हणून.

साहेब शिडीवरून खाली आले. "सुरू झालं ना? कुणी केलं?"

"मी," हे म्हणाले. "याला नाही जमत, साहेब."

साहेबांना ते पटलेलं दिसलं नाही. ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या पोटात काही राहत नाही. तुम्हीच सांगा, कुणाची लाथ?"

मेकॅनिक अजून चाकापाशीच उभा होता. खरं बोलले असते, तर संध्याकाळी हे माझ्याबरोबर घरी आले असते. नुसतं बोलायचं होतं. मी डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"आमच्या ह्यांची," मी म्हणाले. "एकाच लाथेत."