हिंदाच्या नावाने

“मुलीची डावी बाजू, बहिणीची उजवी,” हनोख हातातलं पाणी झटकत म्हणाला. “चला, उरका लवकर. शब्बाथ आपल्यासाठी थांबणार नाही.”

हनोख हैफाच्या ज्यू अंत्यविधी मंडळाचा म्होरक्या. शुक्रवारची दुपार कलली की त्याचा आवाज चढायचा, कारण सूर्य बुडाला की शब्बाथचा, विसाव्याचा दिवस सुरू; त्याआधी माती द्यायलाच हवी. मधोमध दगडी कट्ट्यावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देह होता. मंडळातल्या एका बाईने लहानशी सुरी काढली आणि शोकाची खूण म्हणून मयताच्या मुलीच्या, ओफ्राच्या ब्लाउजच्या कॉलरला डावीकडे चीर दिली. ओफ्राने ती ओढून फाडली. कापड टर्रकन फाटलं आणि इतका वेळ दगडासारखी उभी असलेली ओफ्रा हमसून रडायला लागली.

“मयताचं नाव?” हनोखने विचारलं.

“हिंदा,” ओफ्रा कशीबशी म्हणाली. “यित्झहाकची मुलगी.”

बहीण म्हणून शेजारी उभ्या असलेल्या अरांकाने ते ऐकलं. यित्झहाक तिचा बाप. हिंदा तिची धाकटी बहीण. आणि कट्ट्यावर होती ती हिंदा नव्हतीच.

ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती, आणि त्यातली एक आज पहाटे गेली. खरी हिंदा बेर्गेन-बेल्झेनच्या नाझी छावणीत टायफसने मेली, इंग्रज सैनिक फाटकातून आत आले त्याच आठवड्यात. तिला कुठल्या खड्ड्यात लोटलं, देव जाणे. अरांकाही त्याच तापात फणफणत होती. तिला जगवलं ते फळीवर शेजारी झोपणाऱ्या एका हडकुळ्या पोरीने. सेरेन तिचं नाव. भाकरीचा तुकडा स्वतः चावायची, मऊ करायची आणि अरांकाच्या तोंडात घालायची. अरांका तोंड फिरवायची तेव्हा शिव्याही द्यायची, “गीळ ग भवाने! तू मेलीस तर मी कुणाशी भांडू?”

पुढे हैफातल्या काकांनी दोन पुतण्यांसाठी प्रवेशाचे परवाने मिळवून पाठवले. एक अरांकाचा, एक हिंदाचा. हिंदाला कधी न पाहिलेल्या काकांना ती गेली हे ठाऊक नव्हतं, आणि सेरेनला तर जगात कुणीच उरलं नव्हतं. मग अरांकाच म्हणाली, “ऊठ हिंदा, बोट पकडायचीय आपल्याला.” सेरेनने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि उठली. बास, तेवढंच बोलणं झालं.

तात्पुरतं म्हणून घेतलेलं नाव असं चिकटलं म्हणता! आधी परत धाडतील ही भीती, मग काका दुखावतील ही, मग लग्न, मग ओफ्रा. चारचौघांत चुकून जुनं नाव निघू नये म्हणून दोघींनी एकमेकींशीसुद्धा त्या दिवसांतलं काही बोलायचं सोडून दिलं. हिंदाच्या नावाने वर्षातून एकदा दिवा लावावा, तर तोही अरांकाला लावता आला नाही. जिवंत माणसाच्या नावाने दिवा कोण लावतं? आणि ‘हिंदा’ तर पलीकडच्या गल्लीत ठणठणीत राहत होती, टोमॅटो महाग झाले म्हणून भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती.

“मावशीबाई, पुढे या,” सुरीवाली बाई म्हणाली.

अरांका पुढे झाली. गप्प राहणं किती सोपं होतं! कार्मेल डोंगराच्या उतारावर कबरीशी हिंदाच्या नावाचा दगड लागला असता, बापाच्या नावासकट. बिचारीला एवढं तरी मिळालं असतं. अरांकाला बहीण म्हणून सात दिवस शोकाला बसता आलं असतं, आणि ओफ्रा जन्मभर मावशी म्हणत राहिली असती. कुणाचं काय बिघडणार होतं? ओफ्राशिवाय अरांकाला तरी होतं कोण?

बाईने कॉलर चिमटीत धरली. पण माती दिल्यावर हनोख काय करणार, ते अरांकाला माहीत होतं. मंडळाची रीतच ती. कबरीशी उभं राहून मयताला नावाने हाक मारायची आणि आमच्या हातून काही उणं राहिलं असेल तर क्षमा कर म्हणायचं. तो हाक मारणार हिंदाला. मग सेरेनला कोण विचारणार?

“थांबा,” ती म्हणाली. “माझी कॉलर फाडू नका. मी बहीण नाही हिची.”

“मावशी!” ओफ्रा दचकली. “अहो, ती रात्रभर जागी आहे. भ्रमलीय. तुम्ही चालू द्या.”

“भ्रमले नाही ग मी. हिचं नाव सेरेन. मोर्देखायची मुलगी. हिंदा माझी बहीण, ती छावणीतच गेली.”

शेजारपाजारच्या बायका पुढे सरकल्या. हनोख वैतागून म्हणाला, “बाई, दफनाच्या घटकेला हे काय काढलंत? मी कुणाचं ऐकू? मुलगी एक सांगते, तुम्ही भलतंच!”

“माझं ऐका,” ओफ्रा कडाडली. “आईचं नाव मला ठाऊक नसेल?”

अरांका ओफ्राच्या अगदी जवळ गेली.

“पहाटे नर्स हाका मारत होती, हिंदा, हिंदा. उघडले तिने डोळे?”

“नाही.”

“तूही आई आई म्हणून थकलीस. मग मी कानाशी वाकले.”

ओफ्राचा चेहरा बदलला. “तिने डोळे उघडले,” ती हळूच म्हणाली. “हसली. तू... तू काय म्हणालीस तिला?”

“सेरेन म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

ओफ्राने कट्ट्यावरच्या पांढऱ्या कापडाची घडी सारखी केली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. हनोखने घड्याळाकडे पाहिलं, पण या वेळी तो खेकसला नाही.

“ती सांगते तेच नाव घ्या,” ओफ्रा शेवटी म्हणाली. अरांकाकडे मात्र तिने पाहिलं नाही.

हनोखने मान हलवली. मग घसा खाकरून अरांकाला म्हणाला, “रक्ताचं नातं नाही, म्हणजे शोकाला बसणं तुमच्याकडे येत नाही. मी तरी काय करू, नियम आहे.”

“माहीत आहे मला.”

कबरीत माती पडली. हनोखने मोठ्याने हाक मारली, “सेरेन, मोर्देखायच्या मुली, आमचं काही चुकलं असेल तर क्षमा कर.” अरांका तेव्हा रडली. मेलीने जन्मभर दुसऱ्याच्या नावाला ओ दिली होती.

मग लोकांनी रीतीप्रमाणे दोन रांगा केल्या. मधून फक्त मयताच्या माणसांनी जायचं आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्यांचं सांत्वन करायचं. ओफ्रा एकटीच निघाली. अरांका शेजारणींबरोबर रांगेत उभी राहिली, आणि ओफ्रा समोर आली तेव्हा इतरांसारखंच म्हणाली, “सियोन आणि यरुशलेमसाठी शोक करणाऱ्यांबरोबर देव तुझंही सांत्वन करो.”

ओफ्रा पुढे गेली नाही. तिथेच उभी राहिली.

“मोर्देखाय माझे आजोबा,” ती म्हणाली. “आणि आजी? आजीचं नाव काय होतं?”

अरांकाने तोंड उघडलं. सेरेन फळीवर झोपेत हाका मारायची, तापात मारायची, भुकेने मारायची. अरांकाने सगळं आठवून पाहिलं.

“मला नाही ग माहीत,” ती म्हणाली. “ती नुसतं आई म्हणायची.”