हौश्याच्या म्होरकीचा गोंडा

लिंबाजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि डोक्यात मासा. माळ त्यानं काही देवासाठी घातली नव्हती, पारूबाईसाठी घातली होती.

झालं होतं असं, की थोरल्या लेकीला बघायला देगलूरचे पाहुणे आले. माणसं माळकरी, सोवळ्याची. ती पोहे खात बसलेली, आणि हा बाबा गुडघाभर चिखलानं माखून, खांद्यावर ओला मासा टाकून थेट त्यांच्या पुढ्यात! पाहुणे चहासुद्धा न घेता उठले. लेकीचं पुढं चांगल्या घरी जमलं, पण पारूबाईच्या काळजातून ते काही गेलं नाही. ती तरातरा उदगीरला भावाकडं निघून गेली. लिंबाजीनं उन्हाळाभर स्वतः थापलेल्या करपक्या भाकरी खाल्ल्या आणि मग खाली मान घालून उदगीर गाठलं. पारूबाईनं भावादेखत सांगितलं, "माळ घाला, तर येते. आन् परत हातात गळ दिसला तर मी हितंच. तवा न्यायला येऊ नका."

बाई बोलली की बोलली. लिंबाजीला ते पक्कं ठाऊक होतं, आणि तिच्यावाचून घर खायला उठतं हेही त्याला त्या उन्हाळ्यात चांगलंच कळलं होतं. त्यानं माळ घातली. गळ आडात टाकले.

पण मेला दुष्काळ आला ना! अहमदपूरच्या पलीकडलं त्यांचं गाव उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आलं होतं. जिल्हा आला म्हणजे पाणी येईल, असं लोकांना उगंच वाटलं. जीप आली, पाटी आली, एकदा कलेक्टर साहेब येऊन कोरड्या विहिरीत वाकून बघून गेले. पाणी काही आलं नाही. गावतलाव आटत आटत मधोमध एक डोह तेवढा उरला, आणि त्या डोहात उरली एक दांडगी मरळ. महिन्यातून एकदा काळी पाठ दाखवायची आणि गडप व्हायची. म्हणून शेजारच्या सटवाजीनं तिचं नाव 'कलेक्टर' ठेवलं.

हा सटवाजी रोज डोहावर गळ टाकून बसे. भेगाळल्या जमिनीत गांडूळ कुठून मिळणार? तो कणकेच्या गोळ्या लावायचा. मरळ कणीक खाते होय? तिला वळवळणारं भक्ष्य लागतं. बैल पाण्यावर नेताना लिंबाजी ते बघायचा आणि त्याचे हात नुसते शिवशिवायचे. हा इतका सोन्यासारखा मासा एक दिवस सटवाजीच्या हाती लागणार, नाहीतर चिखलात तडफडून मरणार. ह्या विचारानं त्याला घास गोड लागेना.

अशात पुतणीच्या लग्नाला म्हणून तो नांदेडला गेला आणि लग्न सोडून गोदावरीच्या घाटावर जाऊन उभा राहिला. तिथं एक माणूस गळाला रबरासारखी काहीतरी वस्तू लावून मासे ओढत होता. लिंबाजीनं ती मागून घेतली, दाबून बघितली. मऊ प्लास्टिकची पोकळ नळी, खालच्या टोकाला झिरमिळ्या कातरलेल्या, आणि आत गळ असा बेमालूम दडवलेला की दिसूच नये. पाण्यात ओढली की झिरमिळ्या बेडकीच्या तंगड्यांसारख्या हलत.

येताना एसटीत त्यानं मनाशी हिशेब केला. गांडूळ मारायचं नाही, म्हणजे हत्या नाही. मासा खायचा नाही, नुसता धरून आपल्या विहिरीच्या तळाशी उरलेल्या गढूळ पाण्यात सोडायचा, म्हणजे उलट पुण्य. आणि पारूबाईला कळणार नाही, म्हणजे भांडण नाही. माळेला कुठंच धक्का नाही! असला हिशेब त्याला शाळेत जमला असता तर मास्तरांनी छड्या कशाला मारल्या असत्या?

पारूबाई रोजगार हमीच्या रस्त्यावर गिट्टी फोडायला गेली, की हा गोठ्यात तीन दगड मांडून बसायचा. लेकीची मागं राहिलेली मऊ प्लास्टिकची लाल चप्पल त्यानं चिरली आणि डालड्याच्या झाकणात वितळायला ठेवली. पहिल्या खेपेला तिचा कोळसा झाला. दुसऱ्या खेपेला ती झाकणाला अशी चिकटली की झाकणच गेलं. मग त्याला आच मंद ठेवायची अक्कल आली. मोडक्या छत्रीच्या काडीला गोडंतेल चोपडायचं, काडी वितळलेल्या प्लास्टिकात बुडवायची, गरगर फिरवायची आणि लगेच तांब्यातल्या पाण्यात धरायची. गार झालं की पायमोजा काढावा तशी नळी अलगद ओढून घ्यायची आणि खालून कात्रीनं बारीक बारीक कातरायची. पहिली नळी धड निघाली तेव्हा गडी एकटाच हसला. बैलाला दाखवली. हौश्यानं ती चाटली.

"कसला घान वास येऊन राहिला?" संध्याकाळी पारूबाईनं विचारलं.

"टायर जाळलं. बैलास्नी डास लई झालेत."

"दुष्काळात डास?"

"आगं, तेच तर म्हन्तो! कुठून येतेत कोन जाणे."

पारूबाई नाकाला पदर लावून चुलीकडं गेली. लिंबाजीनं त्या दिवशी चांगल्या चार-सहा नळ्या केल्या होत्या. शहाणपण म्हणून एकीत नांदेडहून आणलेला गळही बसवून ठेवला होता. आता लपवायच्या कुठं? घरातली प्रत्येक उतरंड, प्रत्येक फडताळ पारूबाईच्या हाताखालचं. विचार करकरून त्यानं नामी जागा शोधली. बैलांच्या झुली आणि घागरमाळा ठेवलेली पत्र्याची पेटी. ती वर्षातून एकदाच उघडते!

कधी उघडते, एवढंच त्या शहाण्यानं आठवलं नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळी तो कडबा घेऊन आला, तर पारूबाई पेटी उघडून बसलेली. मांडीवर सगळ्या लाल झिरमिळ्या. लिंबाजीनं कडब्याची पेंढी तोंडापुढं धरली.

"अवं," ती कौतुकानं म्हणाली. "मला वाटलं, औंदा बैलांना नवे गोंडे कुठून आनायचे? आन् तुमी गुपचूप घरीच केलाव? म्हणून वास येत होता व्हय!"

लिंबाजीनं पेंढी खाली ठेवली.

"हाव," तो म्हणाला. "म्हन्लं... सण हाय."

मग काय विचारता! पारूबाईनं सगळ्या गल्लीला सांगितलं. बायका येऊन गोंडे बघून गेल्या. नवऱ्याच्या ताटात तिनं पुरणपोळी वाढली, त्यावर दुसरी, त्यावर तुपाची धार. इतकं कौतुक लिंबाजीचं लग्नातही झालं नव्हतं, पण त्याचं सगळं ध्यान गोठ्याकडं होतं. कारण गळाची नळी पारूबाईनं स्वतःच्या हातानं हौश्याच्या तोंडावरच्या दोरीला, म्होरकीला बांधली होती, बरोबर हनुवटीखाली. ती टोचली तर? मुक्या जनावराचं तोंड फाटलं तर? त्याला स्वतःची लाज वाटली. तो जरा हौश्याजवळ सरकला की पारूबाई म्हणायची, "राहू द्या, सोडू नका, तिथंच चांगला दिसतो."

मारुतीपुढं पोळा फुटला. वाजंत्री वाजली, बैल तोरणाखालून गेले. लिंबाजी हौश्याच्या हनुवटीखाली हात धरून चालला होता. "बैलाची दाढी करतूस का काय?" असं सटवाजीनं विचारलं, तरी त्यानं हात काढला नाही.

आडाला पाणी नव्हतं, म्हणून मिरवणुकीनंतर सगळे बैल डोहावर पाजायला नेले. दोन कोसांवरनं पिण्याचं पाणी भरून परतणाऱ्या बायकाही घागरी घेऊन तिथंच थांबल्या. तहानलेल्या हौश्यानं हिसका दिला, कासरा लिंबाजीच्या हातातून सुटला, आणि बैलानं पाण्यात तोंड घातलं. लाल झिरमिळ्या पाण्यावर पसरल्या. हौश्या पाणी ओढी, तशा त्या हलत.

धपाक्!

हौश्यानं घाबरून मुंडी वर केली, तर म्होरकीला हाताएवढी मरळ लोंबकळत होती! बैल हंबरला, बायका ओरडल्या, वाजंत्रीवाला ढोल टाकून पळाला. "कलेक्टर! कलेक्टर घावला!" म्हणून सटवाजी थयाथया नाचायला लागला.

लिंबाजीनं काही विचार केला नाही. कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली. एका हातानं म्होरकी धरली, दुसऱ्या हातानं मरळीच्या कल्ल्यात बोटं घातली आणि दोन बोटांनी गळ असा फिरवून काढला, की हौश्याला खरचटलंही नाही. इतक्या सफाईनं काढला, की सगळ्या गावाला एका क्षणात सगळं कळलं.

मग तो वर आला. एका हातात मरळ, एका हातात गळ, आणि गळ्यात माळ. पुढं पारूबाई.

"मासा माझा हाय!" सटवाजी म्हणाला. "वर्षभर मी बसलो हितं!"

"बैलाला इचार," पारूबाई म्हणाली. नवऱ्यावरची नजर तिनं काढली नाही.

लिंबाजीला आता समोर डोह दिसत नव्हता, बैल दिसत नव्हते. उदगीरची एसटी दिसत होती. "पारू," तो कसाबसा म्हणाला, "खायाला न्हाई गं. हिरीत सोडनार होतो. आईची आन. मला नुसतं... धरायचं होतं."

पारूबाई पुढं आली. त्याच्या गळ्यातली माळ तिनं हळूच वर काढली, डोळ्यांना लावली आणि हौश्याच्या शिंगात अडकवली.

"तुम्हाला न्हाई झेपायची," ती म्हणाली. "ह्यो बिचारा तरी कडबाच खातो."

सगळा गाव खदाखदा हसला. लिंबाजी तसाच उभा. ती जाणार की राहणार, हे त्याला अजून कळेना.

पारूबाईनं दोन कोसांवरनं आणलेली पिण्याच्या पाण्याची घागर कमरेवरून उतरवली आणि त्याच्यापुढं ठेवली. "टाका तिला ह्यात. जित्ती राहू द्या."

"म्हंजी... हिरीत सोडायची?"

"तीन वर्सं तुमच्या माळेपायी मीबी शेंगाची चटणी खाऊन राहिले," पारूबाई त्याच्या कानाशी येऊन, पदराआड हसू दाबत म्हणाली. "आज पोळा हाय, म्हणून ती वाचली. उद्या कर हाय, तिखटाचा दिस. मसाला वाटून ठेवते."

आणि घागर त्याच्या डोक्यावर देऊन ती बैलाच्या पुढं चालायला लागली.