बाजूचा उजेड

सकाळी मी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून निघालो की सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणीतरी हमखास विचारतं, "कुणाकडं?" शिवशरण फोटोवाला लग्नाला किंवा बारशाला निघाला असेल, असं कुणाच्या मनातच येत नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. मोबाइल आल्यापासून लग्नं गेली, बारशी गेली, पासपोर्टचे फोटोही गेले. राहिलं ते एकच काम.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातावर त्यानं जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग, गळ्यात हार, पाठीला टेकण. रुद्रभूमीकडे, म्हणजे आमच्या दफनभूमीकडे, न्यायच्या आधी घरचे सगळे त्याच्या भोवती बसतात आणि एक फोटो काढतात. तो फोटो आधी अप्पा, म्हणजे माझे वडील संगप्पा, काढायचे. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून, म्हणजे गेली वीस वर्षं, मी काढतो. त्या वेळी त्या घरात मोबाइल वर धरायला कुणाचा हात उचलत नाही, म्हणून हे काम टिकलं.

दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. अव्वाचा फोटोही मीच काढला. दुसरा कोण काढणार? बायको, राजेश्वरी, अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. बहिणी रडत होत्या, अप्पा भिंतीकडे तोंड करून रडत होते. आणि मी अव्वाच्या कपाळावरची चमक कशी घालवावी याचा विचार करत होतो. "हार जरा डावीकडं घ्या," असं मी म्हणालो. स्वतःच्या आईला बसवलेलं असताना! नंतरही रडू आलं नाही, दोन वर्षांत एकदाही नाही. शिवू घट्ट आहे, असं लोक म्हणाले. घट्ट कसला डोंबलाचा. रडायची एक वेळ असते आणि ती मी फोकस धरण्यात घालवली.

अप्पा आता ऐंशीचे झालेत. एक दिवस त्यांनाही असंच बसवतील, सगळे माझ्याकडे बघतील आणि मी पुन्हा हार डावीकडे घ्यायला सांगेन, या भीतीनं माझी झोप गेली होती. तो दिवस यायच्या आत हे काम सोडायचं, असं मी ठरवलं. सोडून करायचं काय, तर वस्तूंचे फोटो. सोलापुरात चादरी आहेत, टॉवेल आहेत, आता सगळं ऑनलाइन विकतात आणि फोटो सगळ्यांनाच लागतात. चादरीभोवती कुणी रडत बसत नाही.

पहिलं काम दिलं गुरुबसप्पा यांनी. चादरींचे मोठे व्यापारी, अप्पांच्या ओळखीतले. सहा नमुने दिले. मी माझ्या जुन्या कॅमेऱ्यानं मन लावून फोटो काढले आणि नेऊन दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"शिवू, ही चादर हाय का छापील कागद?"

"मालक, रंग बघा की. अगदी तसाच आलाय."

"रंग घेऊन काय करू? बघणाऱ्याला हात फिरवावा वाटला पायजे. ह्यात जीवच न्हाय." फोटो त्यांनी परत सरकवले. "सोमवारी परत दाखव. न्हाय जमलं तर सांग, पुण्याचा माणूस बोलावतो."

मला राग आला तो कॅमेऱ्याचा. बारा वर्षांचा म्हातारा, त्याच्याकडून काय होणार? तडक ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, एका दिवसाच्या बोलीवर त्यानं दोन कॅमेरे वापरून बघायला दिले. एक मोठा, महागडा, जो अंधारातही दिवसासारखं टिपतो म्हणे. दुसरा साधाच, पण त्याला मॅक्रो लेन्स होती, जवळून बारीक टिपणारी. सोबत स्टँडवरचे दोन एलईडी दिवे दिले. माझं लक्ष मोठ्यावर होतं. तो हातात घेतल्यावरच मला निम्मा धंदा सुरू झाल्यासारखं वाटलं.

दुपारी दुकानाचं शटर निम्मं ओढलं. अप्पा नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. लाकडी चौरंगावर मरून रंगाची चादर पसरली, दिवा लावला, महागडा कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला आणि फोटो काढला. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला. धागा न् धागा मोजता येत होता. तरी चादर सपाटच. पुन्हा काढला, पुन्हा सपाट. दहावा फोटो बघितल्यावर मी लेन्सचं झाकण भिरकावलं.

"हा कॅमेरापण बोगस आहे."

"नाचता येईना, म्हणं अंगण वाकडं," कोपऱ्यातून आवाज आला.

"तुम्ही गप बसा की अप्पा."

"बसतो. दिवा कुटं ठेवलायस, तेवढं सांग."

"कुठं म्हणजे? समोर. तुम्हीच शिकवलंय, दिवा कायम समोरून, कॅमेऱ्याच्या डोक्यावरून."

"कुणाचा फोटो काढायला शिकवलं?"

मी वळून समोरच्या दिव्याकडे बघितलं.

गेलेल्या माणसाचे गाल बसतात. डोळ्यांच्या खोबणी होतात, नाक पुढे येतं. दिवा बाजूला ठेवला की त्या खड्ड्यांत सावली भरते आणि घरच्यांना तो चेहरा बघवत नाही. म्हणून दिवा समोर ठेवायचा. समोरच्या उजेडात खड्डे बुजतात, माणूस झोपल्यासारखं दिसतं. अप्पांनी शोधलेली ही दया होती आणि वीस वर्षं मी ती मुकाट्यानं करत आलो. माझ्या हाताला दुसरी जागाच माहीत नव्हती. गुरुबसप्पांच्या सहाही चादरी मी गेलेल्या माणसासारख्या बसवून काढल्या होत्या. जीव न्हाय म्हणाले ते, आणि मी कॅमेऱ्याला शिव्या देत होतो. मला माझीच लाज वाटली.

"उचल तो दिवा," अप्पा म्हणाले. "बाजूला ने. आणखी. आता खाली घे, चादरीच्या बरोबरीनं."

दिवा खाली आला तशी चादर उठली. फुलांची नक्षी वर आली, तिच्या कडेला बारीक सावली पडली, विणीचे उंचवटे दिसायला लागले. महागडा काढून मॅक्रो लेन्सचा साधा कॅमेरा लावला आणि जवळून एकच फोटो काढला. पडद्यावरच्या चादरीला मी बोट लावून बघितलं, खोटं कशाला सांगू.

"मोठा परत देऊन टाक," अप्पा म्हणाले. "दिवे मात्र दोन्ही ठेव. आपल्याला उजेड पायजे, कॅमेरा साधा चालतोय."

त्यांचं ऐकलं. सोमवारी गुरुबसप्पा मालकांनी फोटो बघून सगळा माल माझ्याकडे पाठवला, पण ते नंतरचं. त्या दुपारी मी चादरीची घडी घालत होतो, तेव्हा अप्पा खुर्चीतून उठले. मागे जाऊन हातपाय धुऊन आले, कपाळाला विभूती लावली आणि सावकाश चौरंगावर बसले. मांडी घालायला त्यांना बराच वेळ लागला. मग गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून त्यांनी डाव्या तळहातावर ठेवलं.

"आता माझा काढ."

मी चादर बाजूला टाकली. "अप्पा, उठा. चेष्टा नको."

"चेष्टा न्हाय. दिवे हायत, कॅमेरा हाय. काढ."

"मी हे काम सोडलंय. ठाऊक आहे तुम्हाला."

"म्हणूनच म्हणतोय. सोड की, मी कुटं धरलंय तुला? एवढा एक काढ आन् सोड."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो माणूस एकदा मांडी घालून बसला की बसला. मी तोंड फिरवून दिवा उचलला आणि नेमका त्यांच्या समोर नेऊन ठेवला.

"समोर नको," अप्पा म्हणाले. "मी अजून हाय. बाजूलाच राहू दे."

दिवा बाजूला नेला. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसायला लागलं. सुरकुत्या, दाढी करताना लागलेली बारीक चीर, वाकडी झालेली एक भुवई. डोळे त्यांनी मिटले नाहीत. ते कॅमेऱ्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते, आणि एवढ्या वर्षांत असं बसवलेल्या कुणीही माझ्याकडे बघितलेलं नव्हतं. मी बटण दाबलं. हार नव्हता, त्यामुळे डावीकडे घ्या म्हणायची वेळ आली नाही.

अप्पांना फोटो दाखवला. कॅमेरा त्यांच्या हातात थरथरत होता म्हणून खालून मी हात धरला. त्यांनी खूप वेळ बघितलं.

"लई म्हातारा दिसतोय," ते म्हणाले. "पण मीच हाय. मोठा करून ठेव. त्या दिवशी हाच मांडायचा."

"अप्पा..."

"ऐक. त्या दिवशी दुसरा काढायचा न्हाय. पाहुण्यांनी मागितला तरी न्हाय. झालाय काढून, म्हणून सांगायचं."

"आणि मी काय करू मग?"

अप्पांनी इष्टलिंग कपाळाला लावून डबीत ठेवलं, डबी मिटली आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तू माझ्याजवळ बस आणि रड की. तुझ्या आईचं राहिलंय, तेपण तवाच रडून घे."

तोवर थांबायला मला जमलं नाही. चौरंगाशी खाली बसून मी अप्पांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि "अव्वा, अव्वा" करत दुकान दणाणून सोडलं. राजेश्वरी मागच्या घरातून धावत आली. काय झालं म्हणून ती विचारत राहिली आणि अप्पा तिला हातानंच थांब म्हणत राहिले.